तातडीच्या पैशावर पहिला हक्क कुणाचा?

२०१७च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात एकाच आठवड्यात दोन निर्णय झाले. कॅनबेऱ्यात माल्कम टर्नबुल यांच्या सरकारने ठरवले, की समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यावा की नाही हे देशातल्या प्रत्येक मतदाराला टपालाने विचारायचे. त्यासाठी १२ कोटी २० लाख डॉलर बाजूला काढण्यात आले. तिकडे सिडनीत न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधिमंडळाने घाईघाईने एक कायदा संमत केला. शहराच्या मध्यभागी मार्टिन प्लेस या चौकात, रिझर्व्ह बँकेच्या इमारतीजवळ, बेघर लोक काही महिन्यांपासून तंबू ठोकून राहत होते. त्यांना तिथून हटवण्याचे अधिकार पोलिसांना देणारा तो कायदा होता. तंबूतल्या लोकांनी आपापले सामान बांधले आणि काही दिवसांत चौक मोकळा झाला.

ही दोन सरकारे वेगळी. एक संघराज्याचे, दुसरे राज्याचे. त्यांच्या तिजोऱ्याही वेगळ्या. त्यामुळे टपालावर खर्च झालेले डॉलर तंबूवाल्यांच्या तोंडचे काढून घेतले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. सरकारी पैसा किती आहे, यापेक्षा तो कोणत्या कामासाठी किती लवकर हलतो, यातून राज्यकर्त्यांचा अग्रक्रम कळतो. मत मागवायचे ठरले तेव्हा पैसा दिवसांत उभा राहिला. डोक्यावरच्या छपरासाठी मात्र वर्षे जातात.

तो पैसा उभा कसा राहिला, हे समजून घेण्यासारखे आहे. या प्रश्नावर रीतसर जनमत घेण्याचा सरकारचा प्रस्ताव सिनेटने नोव्हेंबर २०१६मध्ये फेटाळला होता. ऑगस्ट २०१७मध्ये तो पुन्हा फेटाळला गेला. मग सरकारने संसदेला वळसा घातला. निवडणूक आयोगाऐवजी हे काम देशाच्या सांख्यिकी विभागाकडे दिले आणि मतदानाऐवजी त्याला ‘सर्वेक्षण’ म्हटले. खर्चासाठी अर्थसंकल्पातल्या एका खास तरतुदीकडे हात घातला. अर्थमंत्र्यांना आगाऊ वापरता यावी म्हणून साडेएकोणतीस कोटी डॉलरची ही रक्कम राखून ठेवलेली होती. तिच्या वापराला अट एवढीच, की गरज तातडीची असावी आणि अर्थसंकल्प मांडताना तिचा अंदाज आलेला नसावा. महाराष्ट्रातल्या वाचकाला आकस्मिकता निधी ठाऊक आहे. साधारण त्याच जातीची ही सोय.

या निर्णयाला तिथल्या उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ऑस्ट्रेलियात उच्च न्यायालय हेच सर्वोच्च. ७ सप्टेंबर २०१७ रोजी सर्व सात न्यायमूर्तींनी एकमताने सरकारच्या बाजूने कौल दिला. पैसा कायदेशीर होता, याबद्दल शंका उरली नाही. पण एखादा खर्च कायद्यात बसणे आणि तो करण्याची खरोखर निकड असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा निवाडा न्यायालय करत नाही. तो नागरिकांनी करायचा असतो.

निकड होती का? विवाहाच्या कायद्यात ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ ही व्याख्या ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २००४मध्ये घातली, ती साध्या बहुमताने. तेव्हा कुणाच्या घरी टपाल गेले नव्हते. जो शब्द संसदेने स्वतः घातला तो काढण्यासाठीही संसद पुरेशी होती. आयर्लंडची गोष्ट निराळी. तिथे मे २०१५मध्ये याच विषयावर सार्वमत झाले, कारण आयर्लंडच्या राज्यघटनेत दुरुस्ती करायची तर जनतेचा कौल घ्यावाच लागतो. ऑस्ट्रेलियात अशी घटनात्मक सक्ती नव्हती. सत्ताधारी पक्षात दोन तट होते आणि आपल्याच खासदारांना तोंड देणे नेतृत्वाला अवघड जात होते. पक्षातला तो पेच सोडवण्याचा खर्च सरकारी तिजोरीने उचलला.

१ कोटी २७ लाख लोकांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतल्या ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला. हजारो जोडप्यांसाठी तो आयुष्यभराच्या आनंदाचा दिवस होता, आणि त्या आनंदाला उणेपणा आणण्याचे काहीच कारण नाही. पण त्या कौलाने कायदा झाला नाही. कौल सरकारवर बंधनकारकच नव्हता. कायदा ७ डिसेंबरला संसदेतच मतदान होऊन संमत झाला. म्हणजे जे काम संसदेला शेवटी करावेच लागले, ते करण्याआधी ८ कोटी डॉलरहून थोडी अधिक रक्कम खर्ची पडली. तरतुदीपेक्षा खर्च कमी झाला, ही त्यातली समाधानाची बाब.

आता बेघरांच्या खात्याकडे वळू. डिसेंबर २००८मध्ये केव्हिन रड यांच्या सरकारने श्वेतपत्रिका काढून २०२०पर्यंत देशातले बेघरपण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यासाठी संघराज्य आणि राज्ये यांच्यात करार झाला. करार चांगला होता, पण त्याची मुदत नेहमी तोकडी राहिली. तो संपायला आला की वर्षाची मुदतवाढ मिळे, मग आणखी वर्षाची, मग दोन वर्षांची. २०१५ ते २०१७ या दोन वर्षांसाठी संघ सरकारने २३ कोटी डॉलर दिले, म्हणजे वर्षाला साडेअकरा कोटी.

हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. बेघरांसाठीच्या राष्ट्रीय करारात संघ सरकारचा वर्षभराचा वाटा साडेअकरा कोटी, आणि बंधनकारक नसलेल्या एका टपाली कौलाची तरतूद १२ कोटी २० लाख. पहिल्या रकमेसाठी राज्ये, महापालिका आणि सेवाभावी संस्था दरवेळी मुदत संपण्याच्या तोंडावर दिल्लीवाऱ्यांसारख्या कॅनबेरावाऱ्या करत. दुसरी रक्कम एका सहीने मोकळी झाली.

अशा तुटक मुदतवाढीचा परिणाम फक्त कागदावर राहत नाही. बेघर माणसाला घरात स्थिरावायला मदत करणारा कार्यकर्ता रोजच्या भेटीतून, महिनोन्‌महिने विश्वास मिळवत असतो. घरमालकाशी बोलणे, व्यसनमुक्ती केंद्रात नेणे, ओळखपत्र काढून देणे, नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईच्या मुलांना नव्या शाळेत घालणे, ही कामे एका तिमाहीत होत नाहीत. पुढच्या जुलैत आपली नोकरी असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, तो असा विश्वास कुठून देणार? संस्था कायम माणसे नेमत नाहीत आणि अनुभवी माणसे सोडून जातात. नवा येणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

२०११च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात १ लाख २ हजार ४३९ लोक बेघर होते. २०१६मध्ये ते १ लाख १६ हजार ४२७ झाले. न्यू साउथ वेल्समधली वाढ तर ३७ टक्के होती. निम्म्यावर आणायचे होते, ते वाढले. यांतले प्रत्यक्ष रस्त्यावर झोपणारे सुमारे ८ हजार २००. सर्वांत मोठा गट होता अतिशय दाटीवाटीच्या घरांत कशीबशी जागा करून राहणाऱ्यांचा. त्यांची संख्या ५१ हजारांवर गेली होती. मार्टिन प्लेसमधले तंबू सगळ्यांना दिसले, म्हणून त्यांच्यावर कायदा झाला. बाकीचे लाखभर लोक कुणाला दिसतच नव्हते.

इथे एक प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. १२ कोटी २० लाख डॉलर या १ लाख १६ हजार माणसांत वाटले असते तर प्रत्येकाच्या हाती जेमतेम हजारभर डॉलर पडले असते. सिडनीत तेवढ्यात दोन-तीन आठवड्यांचे घरभाडे निघते. म्हणून ‘हा खर्च टळला असता तर सगळ्यांना घरे मिळाली असती’ ही भाषा खोटी आहे. ती वापरणाऱ्यांचे मन चांगले असेल, पण गणित कच्चे आहे. घरांचा प्रश्न एकरकमी पैशाने सुटत नाही. त्याला दरवर्षी न चुकता येणारा पैसा लागतो. कौलाचा खर्च एकदाच झाला, एवढे म्हणून तो माफ होत नाही. तातडीसाठी राखलेल्या पैशातून तो करता आला आणि वाढते बेघरपण मात्र त्या तातडीत कधी बसले नाही, हा खरा आक्षेप आहे.

न्यूझीलंडने हाच प्रसंग वेगळ्या विषयावर पाहिला. पंतप्रधान जॉन की यांना देशाचा ध्वज बदलावासा वाटत होता. जुन्या ध्वजाच्या कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक आहे, आणि लांबून तो ऑस्ट्रेलियाच्या ध्वजासारखा दिसतो. विषय क्षुल्लक नव्हता. राष्ट्राच्या ओळखीचा होता. सरकारने १२ जणांची समिती नेमली, लोकांकडून रचना मागवल्या आणि १० हजारांहून अधिक रचना आल्या. दोन टपाली सार्वमते ठरली, एकूण अंदाज सुमारे २ कोटी ६० लाख न्यूझीलंड डॉलर. २०१५च्या अखेरीस पहिल्या फेरीत पाच रचनांतून एक निवडली गेली. त्यात निम्म्याहून कमी मतदारांनी भाग घेतला. मार्च २०१६मध्ये दुसरी फेरी झाली आणि ५६ टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितले, की जुना ध्वज बरा आहे.

त्यानंतर दोनच महिन्यांत, मे २०१६मध्ये, ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या ते पुएआ या मराएने बेघरांसाठी आपली दारे उघडली. मराए म्हणजे माओरी लोकांची सामाईक वास्तू. तिथे सभा, लग्ने, अंत्यविधी असे सगळे होते आणि आलेल्याला जेवू घालणे हा तिथला धर्म समजला जातो. त्या थंडीत ऑकलंडमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीत झोपत होती. काही आईबाप नोकरी करणारे होते, मुले शाळेत जाणारी होती. फक्त भाडे परवडत नव्हते. मराएच्या स्वयंसेवकांनी गाद्या अंथरल्या, स्वयंपाक केला आणि सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून कुटुंबांना घरे मिळवून दिली. पुढच्याच महिन्यात ओटागो विद्यापीठाच्या अभ्यासाने दाखवले, की २०१३च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४१ हजार लोकांना राहण्याजोगे घर नव्हते. म्हणजे शंभरात एक.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. मे महिन्यातच तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ४ कोटी ११ लाख डॉलर जाहीर झाले. ते चार वर्षांत विभागलेले होते. पण कायमची घरे उभी राहिली नव्हती, त्यामुळे लोकांना मोटेलमध्ये ठेवावे लागले आणि पुढच्या काही वर्षांत त्या मोटेलांचे बिल अब्ज डॉलरच्या पुढे गेले. वेळेवर न बांधलेल्या घराची किंमत शेवटी दामदुपटीने मोजावी लागते, हे न्यूझीलंडच्या तिजोरीला पुरते कळले आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे आणि ते सावध करणारे आहे. मे २०११मध्ये तिथे संसदेच्या निवडणुकीची पद्धत बदलावी का, यावर सार्वमत झाले. बदलाच्या विरोधकांनी फलक लावले. एकावर रुग्णालयातले नवजात बाळ होते, दुसऱ्यावर सैनिक. मजकुराचा आशय असा, की या बाळाला हृदयोपचार केंद्र हवे आहे, या सैनिकाला चिलखत हवे आहे. नव्या मतदान पद्धतीवर २५ कोटी पौंड कशाला घालवायचे? त्या आकड्यात मोठा वाटा मतमोजणी यंत्रांचा धरला होता आणि ती यंत्रे घ्यायचे कुणीही ठरवलेले नव्हते. प्रस्ताव दोनतृतीयांशाहून अधिक मतांनी पडला. पण तो पडला तर वाचलेला पैसा त्या बाळाला मिळेल, असे त्या मतपत्रिकेत कुठेही लिहिलेले नव्हते.

गरिबाचा चेहरा पुढे करून नकोसा खर्च अडवायचा आणि खर्च अडला की तो चेहरा विसरायचा, ही युक्ती सगळ्या देशांत चालते. म्हणून ‘मतदानाऐवजी बेघरांना द्या’ असे कुणी म्हटले की दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हे मतदान कायद्याने आवश्यक आहे की राज्यकर्त्यांनी सोयीसाठी काढलेले आहे? आणि ते रद्द झाले तर वाचलेला पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली, कोणत्या कामावर जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्या मागणीत बेघर माणूस निमित्तापुरता आहे.

भारतात हे प्रश्न आज फार जवळचे आहेत. रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभांच्या एकत्र निवडणुकांची शिफारस केली. त्या बाजूने खर्चाच्या बचतीचा मुद्दा नेहमी मांडला जातो. बचत होईलही. पण ती निवाऱ्यावर, दवाखान्यावर की आणखी कशावर जाईल, याचे वचन त्या चर्चेत कुठे नाही. आणि निवडणूक न होण्याचीही किंमत असते. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात परळच्या पुलाखाली झोपणाऱ्या माणसाला ‘आमच्या वॉर्डात निवारा का नाही’ हे विचारायला नगरसेवकही नव्हता. नियमित निवडणूक बेघरांच्या हिताची आहे. तिच्यावरचा खर्च हा उधळपट्टीच्या यादीत घालू नये.

उलट, मतदाराला शोधण्यासाठी भारतीय राज्ययंत्रणा जे कष्ट घेते ते अभिमानाने सांगण्यासारखे आहेत. मतदाराला दोन किलोमीटरहून जास्त चालावे लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत साडेदहा लाख मतदान केंद्रे उभी राहिली. अरुणाचल प्रदेशातल्या मालोगाम या वस्तीत एकच मतदार नोंदलेली होती. तिच्या एका मतासाठी कर्मचाऱ्यांचे पथक डोंगर तुडवत गेले आणि केंद्र उघडून बसले. बेघरांच्या बाबतीत आयोगाचा नियम तर फार सुंदर आहे. ज्याला पत्ता नाही त्याच्याकडून पत्त्याचा कागद मागायचा नाही. तो जिथे झोपतो असे सांगेल, तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, रात्री जायचे आणि तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचे. एका रात्रीत खात्री झाली नाही तर पुन्हा जायचे. ऑस्ट्रेलियातही निश्चित पत्ता नसलेल्यांना मतदार यादीत नाव घालता येते आणि २०१७च्या कौलात त्यांना मतपत्रिका पोहोचावी म्हणून वेगळी केंद्रे ठेवली होती.

म्हणजे सरकारला बेघर माणूस सापडत नाही, हे कारण टिकत नाही. मतासाठी तो सापडतो, रात्री त्याच्या पथारीपर्यंत सरकारी माणूस जातो. प्रश्न त्या भेटीनंतर काय होते, याचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला, की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो बारमाही, चोवीस तास उघडा असावा. सप्टेंबर २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात २ लाखांच्या वर आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांहून अधिक. सव्वा कोटी वस्तीच्या मुंबईला लाखाला एक या हिशेबाने सव्वाशे निवारे लागतात. शहरात आहेत ते त्या मानाने मूठभर. बेघरांबरोबर काम करणारे कार्यकर्ते जनगणनेचा आकडाच फार कमी असल्याचे सांगतात, कारण एका रात्रीत झालेल्या मोजणीत रात्रपाळीला गेलेला हमाल किंवा पोलिसांनी त्या दिवशी उठवलेले कुटुंब सुटून जाते.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. जुलै १९८१मध्ये मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याचा आदेश काढला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. या माणसांना पदपथावर राहावे लागते, कारण त्यांचे काम त्या शहरात, त्या वस्तीत आहे. हटवण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने काढून घेतला नाही, पण माणसाला उठवण्याआधी त्याचे ऐकून घेणे भाग पाडले. त्यानंतर बत्तीस वर्षांनी मार्टिन प्लेसमध्ये बरेचसे तेच घडले. शहरे बदलली तरी पदपथ मोकळा करण्याची घाई कुठे कमी होत नाही.

शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयीचा एक जुना खटला फेब्रुवारी २०२५मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठापुढे आला. त्या सुनावणीत न्या. गवई यांनी निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या मोफत योजनांबद्दल नाराजी व्यक्त केली, महाराष्ट्राच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे नाव घेतले आणि अशा योजनांमुळे लोक काम करायला तयार होत नाहीत, असा सूर लावला. न्यायासनाबद्दल पूर्ण आदर राखूनही या मताशी सहमत होता येत नाही. मुंबईच्या पदपथावर झोपणारे बहुतेक लोक कामकरी आहेत. पहाटे नाक्यावर उभा राहणारा बिगारी, बाजारात पाट्या टाकणारा, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारी, गटारातला गाळ उपसणारा, सिग्नलवर फुले विकणारी. काम आहे म्हणूनच ते शहरात आहेत. त्या कामाच्या मजुरीत शहरात खोली मिळत नाही म्हणून ते पदपथावर आहेत.

पण त्या सुनावणीतली जोडी नेमकी होती. एकीकडे मत, दुसरीकडे निवारा. ‘लाडकी बहीण’ योजना जून २०२४च्या अर्थसंकल्पात आली, नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीआधी पैसे खात्यांत जमा होऊ लागले आणि वर्षाला ४६ हजार कोटी रुपयांची गरज सांगितली गेली. गरीब घरातल्या बाईच्या हातात दरमहा दीड हजार रुपये येणे, ही वाईट गोष्ट मुळीच नाही. त्या पैशाने अनेक घरांत औषधे आली, मुलांची फी भरली गेली. या योजनेने एक गोष्ट मात्र सिद्ध केली. इच्छा असली की महाराष्ट्राचे सरकार काही महिन्यांत कोट्यवधी महिलांपर्यंत पोहोचू शकते, त्यांची खाती जोडू शकते, तलाठ्यापासून अंगणवाडी सेविकेपर्यंत सगळी यंत्रणा कामाला लावू शकते. रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका आणि बँक खाते यांची वाट धरून ही योजना गेली, म्हणून पुलाखाली किंवा फलाटावर राहणाऱ्या बाईला तिच्यात शिरणे सर्वांत कठीण. ज्या महिन्यांत ही यंत्रणा धावत होती, त्याच काळात, सप्टेंबर २०२४मध्ये, निवाऱ्यांना पैसा देणाऱ्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची मुदत संपली. नवे अभियान येत असल्याचे केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. निवारा मात्र एका अभियानाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत थांबू शकत नाही. त्याला रोज रात्री दिवा, पाणी आणि राखणदार लागतो.

ठरवले तर तातडीचे दार बेघरांसाठीही उघडते, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. मार्च २०२०मध्ये कोविडची लाट आली तेव्हा सरकारने पालिकांना सांगितले, की रस्त्यावर झोपणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याच्या अखेरीपर्यंत आत घ्या. रिकामी हॉटेले भाड्याने घेतली गेली. जानेवारी २०२१पर्यंत ३७ हजारांहून अधिक लोकांना या मोहिमेतून छप्पर मिळाले. वर्षानुवर्षे ‘गुंतागुंतीचा प्रश्न’ म्हणून पुढे ढकललेले काम काही दिवसांत सुरू झाले, कारण रस्त्यावरच्या माणसाचा आजार सगळ्यांच्या घरात शिरण्याची भीती होती. भीती ओसरल्यावर पैसाही ओसरला.

फिनलंडने मात्र भीतीची वाट पाहिली नाही. २००८पासून तिथल्या सरकारने आधी घर, मग उपचार आणि रोजगार हा क्रम धरला. हेलसिंकीतल्या जुन्या रात्रनिवाऱ्यांचे छोट्या सदनिकांत रूपांतर झाले. राहणाऱ्याच्या नावावर भाडेकरार, त्याच्या हातात किल्ली, आणि त्याच इमारतीत मदतीला माणसे. सरकारे बदलली, पण धोरण चालू राहिले. १९८०च्या दशकात हजारोंच्या घरात असलेली बेघरांची संख्या २०२२पर्यंत चार हजारांच्या खाली आली. छोटा आणि श्रीमंत देश आहे, हे खरेच. पण त्याने दिलेला धडा श्रीमंतीचा नाही, सातत्याचा आहे, आणि तो ऑस्ट्रेलियासारख्या तितक्याच श्रीमंत देशाला साधला नव्हता.

या सगळ्यातून महाराष्ट्रासाठी काही मागण्या सरळ निघतात. कायद्याने आवश्यक असलेल्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात आणि त्यांच्या खर्चावर बोट ठेवू नये. मतदानाच्या तोंडावर येणाऱ्या प्रत्येक नव्या योजनेबरोबर, निवारा, पाणी आणि आरोग्य या खात्यांतून त्या वर्षी किती पैसा न वापरता परत गेला, हे विधिमंडळापुढे मांडले जावे. शहरी निवाऱ्यांचा खर्च केंद्राच्या अभियानांवर न सोडता महापालिकांच्या अर्थसंकल्पात पाच वर्षांच्या हमीने यावा, म्हणजे निवारा चालवणाऱ्या संस्थेला दर मार्चमध्ये जीव मुठीत धरून बसावे लागणार नाही. बीएलओ रात्री ज्या बेघर मतदाराची खात्री करून येतो, त्याची संमती असेल तर तीच नोंद महापालिकेच्या निवारा विभागाकडे जावी.

आणखी एक मुहूर्त जवळ आला आहे. येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. २०११मध्ये बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती, आणि त्या एका रात्रीच्या आकड्यावर पुढची चौदा-पंधरा वर्षे योजना आखल्या गेल्या. या वेळी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे अशा शहरांच्या महापालिकांनी बेघरांबरोबर काम करणाऱ्या संस्थांना प्रगणकांच्या सोबत घ्यावे, पुलांच्या, फलाटांच्या आणि बाजारांच्या याद्या आधीच करून ठेवाव्यात. मोजणीआधीचे काही महिने पदपथांवरची हटाव मोहीम थांबवावी. जो आकडा येईल त्याच्यावर लाखाला एक निवारा हा न्यायालयाचा दंडक लावून, वॉर्डवार जागा, खर्च आणि मुदत यांचा आराखडा २०२७-२८च्या अर्थसंकल्पात मंजूर व्हावा.